मॅडम हायतच की

"मॅडम, तुमी खालीच थांबा. तेवढ्या चपला बघा."

आबा म्हणाले. सगळ्यांदेखत. आबा म्हणजे आमचे मुख्याध्यापक, वडगाव निंबाळकरचे. मी बावड्याची. इंदापूरला त्यांच्याच शाळेत भूगोल शिकवते. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सगळे शिक्षक मिळून बालीला गेलो होतो. इतकी वर्षं फळ्यावर ज्वालामुखी काढला, एकदा खरा बघायचा होता. तो समोर उभा होता. त्याच्या उतारावर तिथलं सगळ्यात मोठं देऊळ. आणि मी पायथ्याला, चपलांपाशी.

तिथं कमरेला लुंगीसारखं सारोंग गुंडाळूनच वर जायचं. एक बाई ते वाटत होती. माझ्यापाशी आली तसा आबांनी तिला हातानंच थांबवलं.

"तुमी कुठं देवाचं करता? सत्यनारायणाचं तीर्थसुद्धा घेत न्हाय. मग हितं काय काम?"

नाहीच घेत. आम्ही बौद्ध. आज्यानं धम्म घेतला तेव्हाच आमचा देव सुटला. पण मी देवाला आलेच नव्हते, डोंगराला आले होते!

गंमत बघा, तिथली माणसं चपला घालूनच वर चालली होती. गाईड सांगत होता, काढू नका, पायऱ्या तापल्यात. पण आपली माणसं! देऊळ दिसलं की चपला काढल्याच. माझ्यापुढं ढीग पडला. रोज माझ्या डब्यातलं खाणाऱ्या आमच्या शिक्षिकेनंपण आपली जोडी सरकवली.

"आपली पद्धत हाय ती," आबा हसले. "आणि मॅडम हायतच की."

हायतच की. हे मी आधी ऐकलं होतं. बावड्याच्या जत्रेत पाटलीणबाई देवळात शिरताना म्हणायची, "चपलांचं काय? ही हायच की." ही म्हणजे माझी आई. उन्हात त्यांच्या चपला धरून उभी. तिच्या पायात काही नसायचं. माझ्यापण. मी तिचा पदर धरून या पायावरून त्या पायावर नाचायचे.

डोकंच फिरलं माझं. बीएड केलं, विमानात बसले, समुद्र ओलांडला, आणि येऊन थांबले कुठं, तर चपलांपाशी! सगळे वर गेले, मी ढिगापाशी बसले.

उठले. त्या बाईकडून सारोंग मागून घेतलं. तिनं काही विचारलं नाही, उलट गाठ नीट बांधून दिली. ढीग तिथंच ठेवला आणि माझ्या चपला घालून चढले.

वरचा काळा दगड हातानं चाचपला. आमच्या बावड्याचं काळं रानपण असल्याच लाव्ह्याचं. पोरांना सांगायचे, आज हाताला लागलं.

तेवढ्यात आबा दिसले. पाय उचलत उतरत होते.

"मॅडम! चपला कुठंयत?"

"काढल्या तिथं."

"आन् बघतंय कोण?"

"ज्याच्या त्यानं बघाव्यात."

आबांचं तोंड एवढंसं झालं. सगळे तापल्या पायऱ्यांवरून नाचत उतरले, जत्रेत मी नाचायचे तसे. मला हसू आलं नाही. आई आठवत होती.

सुट्टी संपली की शाळेत सत्यनारायण असतो. पूजेला मी चालत नाही. सतरंज्या घालायला मात्र पहिली हाक मलाच, "मॅडम हायतच की."

आता मारा हाक. मी समोर खुर्चीवर बसलेली असेन आणि तोंडावर सांगेन, मॅडम न्हायत.