चरबी जळेपर्यंत

हशूब दाढीला अक्रोडाच्या सालींचा रंग लावतो, असं आमच्या अनाथोथ गावच्या बायका विहिरीवर बोलतात. का, तर त्याच्या घराण्याला शाप आहे, या घरात कुणी म्हातारा होणार नाही. पांढरा केस दिसला की परमेश्वराला आठवण व्हायची, म्हणून लपवतो म्हणे.

साफ खोटं. त्याची नि माझी भिंत एकच, आणि माझं नाक कुठवर पोचतं हे गावाला ठाऊक आहे. हशूब बैलांची जुवं तासतो. जुवांना त्या सालींचं पाणी चोळतो आणि त्याच हातांनी दाढी कुरवाळत विचार करत बसतो. विचाराला वेळ भरपूर. दाढी खालून चांगली कापसासारखी झाली आहे. शापाचं काय झालं ते परमेश्वराला ठाऊक.

शाप मात्र खरा. फार पूर्वी शिलो गावी देवाचा मंडप होता, तेव्हा तिथे याजकाचे दोन मुलगे सेवेला होते. रीत अशी की आधी चरबी वेदीवर जाळायची, तो परमेश्वराचा वाटा. मग मांस शिजणाऱ्या हंड्यात काटा घालायचा, वर येईल तो तुकडा याजकाचा. त्या दोघांना दम निघेना. चरबी जळायच्या आतच गड्याला पाठवायचे, "आमचं आत्ताच दे, कच्चंच दे, नाहीतर हिसकून नेऊ." म्हातारा बाप नुसता कुरकुरला, आणि परमेश्वराने घराण्यालाच शाप दिला. पुढे दोघं एकाच दिवशी लढाईत पडले, ऐकून बाप आसनावरून कोसळला, मान मोडली. उरलेल्यांची पांगापांग होत होत शेपूट आमच्या गावी येऊन टेकलं. त्या शेपटाचं टोक म्हणजे हशूब.

त्याचा बाप तरणाच गेला, दोघं भाऊ तापाने गेले. याला कुणी मुलगी दिली नाही. जावई कसा टिकाऊ हवा. पंगतीत याच्या शेजारी कुणी बसत नाही, शाप अंगावर सांडायचा. मग तो आपली भाकरी आणि मसूर घेऊन घराच्या धाब्यावर एकटा जेवतो, खाली लोकांची पोरं खेळतात ती बघत. कधी बोलण्याचा आवाज येतो. मी एकदा विचारलं, "भावोजी, कोण आलंय?"

"तासणी आहे वहिनी. ती मध्ये बोलत नाही."

टोमणा कुणाला होता ते मला कळलं.

तर यंदाच्या लोकरकातरणीला आमच्या टेकडीवरच्या वेदीचा याजक तापाने आडवा झाला. जनावरं कापून तयार, मिखमाशहून पाटलाचे सोयरे आलेले. पाटील पलती नाक मुठीत धरून हशूबच्या दारात आला.

"हशूब, रक्त याजकाचंच आहे ना तुझं? आज उभा राहा. नीट पार पडलं तर वेदी कायमची तुझी. पंगतीत माझ्या शेजारी बसशील."

हशूब उठला. आत जाऊन आंघोळ करून बाहेर आला. धुतलेलं सणाचं वस्त्र नेसला होता, त्याला घड्यांच्या रेघा पडलेल्या. माणूस किती वर्षं ते घडी करून ठेवत होता कुणास ठाऊक.

सगळं छान चाललं होतं. चुकला कुठेच नाही. घात केला लाकडांनी. कुणी शहाण्याने ओली लाकडं आणून टाकली होती. वेदीवर चरबी नुसती धुमसत बसली. इकडे खाली कोरड्या काटक्यांवर हंडा मात्र रटरटत होता, आणि वास असा की माझ्या सासूबाईंची जात्यासारखी चालणारी बडबडही थांबली.

"घाल काटा," पलती म्हणाला.

"चरबी जळू दे."

"धूर निघतोय ना? तोच पोचला."

"धूर लाकडाचा आहे, पाटील."

सोयऱ्यांतला एकजण म्हणाला, "आमच्या मिखमाशला देव लवकर जेवतो बुवा." लोक हसले. मीही हसले, मला भूक लागली होती.

पलती जवळ गेला, आवाज खाली आणून म्हणाला, "अरे, जागा कायमची देतोय तुला. सोयऱ्यांपुढे माझी शोभा करू नकोस. एकदा काटा बुडव, कोण बघतंय?"

हशूबने काट्याकडे पाहिलं. मग पंगतीकडे. पलतीच्या शेजारची चटई रिकामी ठेवली होती. बराच वेळ पाहत राहिला. मला वाटलं, घालतो आता.

"आमच्या घरात एकदा घाई झाली आहे," तो म्हणाला. "मी नाही घालायचा."

पलतीने काटा त्याच्या हातातून ओढून घेतला आणि स्वतःच हंड्यात घातला. आम्ही सगळ्यांनी वर पाहिलं. आभाळ स्वच्छ होतं. मग सगळे जेवले. त्या चटईवर पलतीचा मेहुणा बसला आणि द्राक्षारसाच्या भरात पलतीने वेदीही त्यालाच देऊन टाकली.

हशूब वेदीशी ओणवा बसून फुंकर घालत राहिला. उन्हं कलली तेव्हा कुठे चरबीने पेट घेतला. ती पूर्ण जळेपर्यंत हलला नाही. तोवर हंडा पुसून कोरडा झाला होता.

मी दोन भाकऱ्या आणि मनुकांची वडी घेऊन वर गेले. डोळे धुराने लाल, वस्त्रावर काजळी. त्याने भाकरी घेतली, पण खाल्ली नाही. मला गप्प बसवेना.

"भावोजी, हातची जागा घालवलीत. बघा, सगळं गाव जेवलं, ढेकर दिली, कुणाला काही झालं का?"

"शिलोलाही पहिल्या दिवशी कुणाला काही झालं नव्हतं, वहिनी," हशूब म्हणाला. "तेही पोटभर जेवून झोपले होते."