धुक्याचा दिवा

एकोणीसशे तीसनंतरची ती वर्षं. मी रत्नागिरी-कोल्हापूर सर्व्हिस मोटार हाकायचो. पावसाळ्यात आंबा घाटात भर दुपारी असं धुकं बसायचं की बॉनेटचं टोक दिसायचं नाही. मग रीत अशी, की क्लीनरने खाली उतरायचं, पेटता कंदील घेऊन पुढे चालायचं आणि ड्रायव्हरने त्या उजेडामागे गाडी सोडायची. आमचा क्लीनर पन्नाशीचा, माझ्याच गावचा. मी त्याला काका म्हणायचो.

श्रावणात एका वळणावर काका शेवाळावरून घसरला. मी ब्रेक दाबला, तरी ओल्या रस्त्यावर गाडी हातभर सरकलीच. चाक कंदिलावरून गेलं. काका वीतभर पलीकडे पडला होता. उठून कपडे झटकत म्हणाला, "काय नाय झालं रे, चल."

त्याला काही झालं नाही, पण चेपलेला कंदील मी उचलून गाडीत टाकला. माझ्या गाडीपुढे आता माणूस चालणार नाही, हे तिथेच ठरलं. मालकांना म्हटलं, धुक्याचा वेगळा दिवा लावू. शेठ हसले. "आज दिवा मागतोस, उद्या झुंबर मागशील. माझ्या गाडीला एक भोक पाडायचं नाही, सांगून ठेवतो."

ठेवा सांगून. मी मुंबईला गिरणीत असलेल्या भावाला पत्र टाकलं. त्याने जुन्या बाजारातून पिवळ्या काचेचा दिवा मिळवला. पावसात बोटी बंद, म्हणून तो रेल्वेने कोल्हापूरला आला आणि तिथून माझ्याच मोटारीत. तोवर धुकं पडलं की मी गाडी कडेला लावून स्वस्थ बसायचो. उतारू शिव्या घालायचे. मी ऐकून घ्यायचो, पण काकाला उतरू दिलं नाही.

दिवा आला आणि मी गाढवपणा केला. तो बसवला थेट टपावर. आम्हा कोकणातल्या माणसांच्या डोक्यात पक्कं बसलेलं, की दिवा उंच हवा. गलबताचा दिवा डोलकाठीवर, दिवाळीचा आकाशकंदील बांबूच्या टोकाला. टप लाकडी, म्हणून बॅटरीपासून वर दोन तारा ओढल्या, हाताशी स्विच बसवला आणि ऐटीत घाटाला लागलो. धुक्यात स्विच दाबला तर समोर पांढरी भिंत. होतं तेवढंही दिसेना. मी त्या दिव्याला, भावाला आणि स्वतःला यथेच्छ शिव्या दिल्या.

काका शांतपणे तंबाखू मळत होता. म्हणाला, "मेल्या, इतकी वर्षं माझ्यामागनं येतोस. मी कंदील कुठं धरतो बघितलंस कधी? गुडघ्याच्या खाली. वर धरला की माझं मलाच पाऊल दिसत नाय."

खरंच, मी कधी बघितलं नव्हतं. मला लाज वाटली.

रविवारी गाडी उभी असताना दिवा काढून बंपरखाली बसवला. दोन भोकं पाडली, चांगली ऐसपैस. तार जिथे पत्र्याला घासत होती तिथे सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला. खाली परतीची तार लागत नाही, वीज गाडीच्या लोखंडातूनच बॅटरीकडे परत जाते. पण आमच्या खाऱ्या हवेने सगळीकडे गंज धरलेला, दिवा नुसता मिणमिणत होता. मग बंपरचा रंग आणि गंज खरवडून चकचकीत लोखंड काढलं, तिथे दिव्याची पट्टी आवळली. लख्ख पेटला.

पुढच्या फेरीला कोल्हापूरहून परतताना नेमके शेठ पुढच्या सीटवर, काकाच्या शेजारी. घाटाच्या तोंडाशी धुकं. शेठ काकाला म्हणाले, "उतर रे, कंदील घे."

काका उठायला लागला. मी त्याचा दंड धरून त्याला खाली बसवलं. "तो उतरला तर मीही उतरतो. गाडी तुम्ही न्या."

"उद्यापासून स्टँडवर पाऊल ठेवू नकोस," शेठ म्हणाले. घरी चार तोंडं खाणारी होती. "उद्याचं उद्या बघू," मी म्हटलं. "आत्ता स्टीअरिंग माझ्या हातात आहे."

हेडलाइट बंद केले, खालचा पेटवला. धुक्याच्या बुडातून पिवळा पट्टा रस्त्यावर पसरला. गटाराची कड दिसली, कठड्याचे दगड दिसले. पहिल्या गिअरवर, बैलगाडीच्या चालीने, मी वळणामागून वळण घेत उतरलो. शेठनी समोरची दांडी दोन्ही हातांनी धरली होती.

घाटाखालचं साखरपा आलं, उतारू चहाला उतरले. शेठ मोठ्या आवाजात काकाला काहीतरी फर्मावायला वळले. सहा पावसाळे तो घाट पायी उतरलेला माणूस मान टाकून गाढ झोपला होता. मी शेठना म्हटलं, "हळू बोला."