नकाशाचा बायोडेटा

मंगलावहिनींचा फोन आला तेव्हा मी नाचणगावला एका लग्नाच्या पंगतीत बसलो होतो. "हे गेले," एवढंच त्या म्हणाल्या. कोणीतरी बुंदीचा आग्रह करत होतं... मी ताटावरून उठलो. दिनकरचा आजार लांबला होता, डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं, पण माणूस खरंच जातो तेव्हा सांगून ठेवलेलं काही कामी येत नाही.

दिनकर अल्लीपूरचा. नव्वदच्या दशकात वर्ध्याच्या एका संस्थेच्या नकाशाखोलीत आम्ही दोघं सोबतच लागलो. पाणलोटाच्या कामासाठी कागदी नकाशे कॉम्प्युटरवर चढवायचे, हे आमचं काम. टेबलावर नकाशा चिकटवायचा आणि त्यातली एकेक रेघ हातातल्या यंत्रानं गिरवायची. मला तासाभरात कंटाळा यायचा. हा मात्र नाल्याचं वळण गिरवताना जिभेचं टोक बाहेर काढून असा बसायचा की शेजारी ठेवलेल्या चहावर साय धरायची. स्वभाव महा चिडका. त्याच्या नकाशाला कोणी 'चित्र' म्हटलं की त्या माणसाची खैर नसे.

त्याच दिवसांत त्यानं कारंज्याच्या पुढच्या जंगलातल्या एका गोंड टोल्याचा, म्हणजे छोट्या वस्तीचा, नकाशा केला. टोल्यातल्या सोमाबाईंनी पुढे चालत शेतं, झरे, देवाची जागा सगळं दाखवलं, त्यांच्या बोलीतली नावं सांगितली, आणि दिनकरनं ते सारं छापील नकाशाच्या एका प्रतीवर मांडलं. प्रत मोठी होती आणि आमचं टेबल लहान. त्यानं कात्री घेतली आणि चारही बाजूंचा समास कापून टाकला. नकाशा आत आहे, समासात काय ठेवलंय, असं तेव्हा आम्हा दोघांनाही वाटलं. नकाशा कधीचा, कोणत्या मोजणीवर बेतलेला, हे समासातच छापलेलं असतं. ते सगळं त्या दिवशी केरात गेलं.

पुढे फ्लॉपी गेल्या, सीडी आल्या, मग संस्थेनं सगळे नकाशे एका डिजिटल भांडारात ठेवायचं ठरवलं. टोल्याच्या लोकांना तेव्हाच वनहक्काच्या दाव्यासाठी आपली जुनी वहिवाट दाखवायची होती, आणि ती दाखवणारा हा एवढा एकच नकाशा होता. सोमाबाईंच्या समोरच दिनकरनं तो उपग्रहाच्या चित्रावर ठेवला, तर सगळा टोला सरकून नाल्यात जाऊन पडला.

"आमचे घरं पान्यात काऊन गेले, भाऊ?" सोमाबाईंनी विचारलं.

जुनी मोजणी पृथ्वीचा एक आकार धरून झालेली असते, नवी दुसरा. कोणता धरला ते ठाऊक असतं तर हिशेबानं घरं जागेवर आणता आली असती, पण ते कापलेल्या समासाबरोबर गेलं होतं. अंदाज करता आला असता, दाव्याला अंदाज चालत नाही. आमचे नवे साहेब म्हणाले, थोडा ओढून बसवा, कोण बघतंय! दिनकर त्यांच्या अंगावर धावून जायचाच बाकी होता.

तोवर आजार कळला होता. तरी तो सोमाबाईंसोबत पुन्हा टोल्यात गेला. विहीर, देवाची जागा, जुना दगडी बांध, ज्या खुणा हलल्या नव्हत्या त्यांवर जीपीएस घेऊन उभा राहायचा. मध्येच खाली बसायचा, दम घ्यायचा, पुन्हा उठायचा. त्या खुणांवरून त्यानं टोला जागेवर आणला. जुनी फाइल तशीच ठेवली, दुरुस्त केलेली वेगळी ठेवली. दाव्याला ती जोडली गेली आहे, निकाल अजून यायचा आहे.

त्यानंतर त्याला एकच ध्यास लागला. कोणत्या कागदावरून उतरवला, कोणी, कोणत्या मोजणीवर, नंतर कोणी काय बदललं, का बदललं, शंका आली तर कोणाला विचारायचं... हे लिहिल्याशिवाय तो एकही नकाशा भांडारात जाऊ देईना. साहेब त्याला मेटाडेटा म्हणायचे, हा बायोडेटा म्हणायचा. जुनी नोंद कधी खोडायची नाही, तिच्याखाली नवी लिहायची, हा त्याचा नियम. शेवटी शेवटी घरी पलंगावर पडून तो सांगायचा आणि मी लिहून घ्यायचो. कोणाशी लग्न ठरवतोस बे याचं, म्हणून मी चिडवलं.

"लग्नच आहे बे," तो म्हणाला. "आपल्या घरून जाऊन राह्यला तो. सासरच्यायले सारं सांगा लागते. खोडीसुद्धा."

आणि टोल्याच्या नकाशासाठी त्यानं सांगितलं, लिही, समास मी कापला, मूळ मोजणी माहीत नाही. कशाला स्वतःची बदनामी करतोस, असं मी म्हटलं.

"माहीत नाई, हेही लिहा लागते. उद्या मी नसलो तं लोकं कोनाले विचारतीन?"

मागच्या आठवड्यात संस्थेतून बोलावणं आलं. टोल्याच्या नकाशाबद्दल कोणाला तरी काही विचारायचं होतं आणि दिनकरचा नंबर लागत नव्हता. नकाशाखोलीत नव्यानं लागलेल्या मुलीनं नोंद उघडून दिली. 'माहितीसाठी संपर्क' या रकान्यात त्याचं नाव होतं. "ते काढून टाका आणि तुमचं टाका," ती सहज म्हणाली. मी काढलं नाही. त्याच्या नावापुढे 'हयात नाहीत' असं टाइप केलं आणि खाली माझं नाव घातलं. खरं तर विचारलं तर मला काय सांगता येणार आहे? जे त्याला ठाऊक होतं ते मला नाही. फोन आला तेव्हा मी रडलो नव्हतो, स्मशानातही नाही, तिथं त्या मुलीसमोर मात्र मला आवरेना. तिनं पाणी आणून दिलं. नोंद तरीही जतन होत नव्हती. बदलाचं कारण लिहा, असं कॉम्प्युटर पुन्हा पुन्हा सांगत होता, आणि तो रकानाही दिनकरनंच घालायला लावला होता. मी 'मृत्यू' असं लिहिलं. मग नोंद जतन झाली.