मोठ्या आत्याबाईंचं बेणं

मोठ्या आत्याबाईंनी मला सावरलं, हे आधी सांगते. कसं ते मागाहून. त्या माझ्या सासूबाईंच्या थोरल्या जाऊबाई, राहणार पिशोर. माणसामाणसांत फरक करणं त्यांना जन्मात जमलं नाही. दारात तलाठी येवो की बोहारीण, चहा त्याच कपात आणि टोमणेही तेच. पण लसणात त्यांच्याइतका भेदभाव करणारी बाई अख्ख्या कन्नड तालुक्यात सापडायची नाही. माझी शाळा सातवीत सुटली आणि लग्नानंतरची पहिली वर्षं त्यांच्याच घरात गेली, म्हणून हे मी जवळून पाहिलेलं. लसूण निघाला की त्या अंगणात फतकल मारून बसत आणि आरोपी उभा करावा तसा एकेक गड्डा समोर धरत. बूड बघायचं, अंगठ्यानं दाबायचं, कानाशी नेऊन हलवायचं. आत खुळखुळला की बाद! टपोरे, घट्ट, बाहेरून जाड पाकळ्यांचे गड्डे तेवढे बेणं, म्हणजे पुढच्या लागवडीचे. त्यांच्या पातींच्या वेण्या घालून त्या चुलीवरच्या आढ्याला टांगत. उरलीसुरली चिंगळी घरच्यांनी खायची. ती सोलता सोलता आमची नखं हुळहुळायची. एकदा त्यांचे जावई जेवायला आले, म्हणून मी वेणीला हात लावला.

"खाली ठिव!"

"अहो आत्याबाई, जावई आलेत."

"मंग? त्ये जेवून संध्याकाळच्या गाडीनं जातील. ह्याला मला वावरात घालायचंय."

त्यांची ही नजर परक्याच्या घरातही मिटत नसे. पुतण्यासाठी मुलगी बघायला आम्ही शहरात, पुंडलिकनगरात गेलो होतो. बैठकीत पोहे, ओळखीपाळखी, सगळं रीतीनं चाललेलं, आणि आत्याबाई गायब. त्या स्वयंपाकघरात जाऊन यजमानांची लसणाची टोपली निवडत बसलेल्या! निघताना मुलीच्या वडिलांनी हात जोडून विचारलं, "मुलगी कशी वाटली?" आत्याबाई म्हणाल्या, "पोरगी लई झकास. लसणाला तेवढी बुरशी हाय." सोयरीक झाली. ती पोरगी अजून सांगते, लग्नाआधी माझी नाही, आमच्या टोपलीचीच परीक्षा झाली.

बेणं त्या विकत नसत. गल्लीत चार घरी लावायला देत. ज्याचं बुडेल त्यानं दुसऱ्याकडून परत न्यायचं, एवढाच करार. त्याचा उपयोग एका साली त्यांनाच झाला, तोही मोठ्या मामंजींच्या कृपेनं. लागवडीच्या आदल्या दिवशी आत्याबाई बाजाराला जाताना नवऱ्याला सांगून गेल्या, "पाकळ्या सुट्ट्या करून ठिवा." मामंजींनी जन्मात घरकामाला हात लावलेला नव्हता. त्या दिवशी बायकोला खूश करायचं त्यांनी मनावर घेतलं आणि सगळं बेणं मोत्यासारखं सोलून ठेवलं. साल गेलं की पाकळी मातीत कुजते, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. आत्याबाई परातीकडं बघत राहिल्या. मग मामंजींच्या लाल झालेल्या बोटांकडं बघितलं. "लई मेहनत घेतली की तुमी," एवढंच म्हणाल्या. पुढं आठवडाभर आमच्या गल्लीला चटणी पुरली आणि बेणं शेजारून परत आलं.

ह्यांची कंपनी इकडं तमिळ मुलखात, होसूरला हलली तेव्हा मुकुंदवाडीच्या स्टेशनावर निरोपाला एकट्या आत्याबाई आल्या. माझ्या मांडीवर एक गाठोडं ठेवलं. आत वेणी होती, आढ्यावरची. "खायची नाय. लावायची," म्हणाल्या आणि गाडी हलायच्या आधीच पाठ फिरवून चालू लागल्या.

इथं दुकानात बोट दाखवून वस्तू घ्यायची. दुपारभर मराठीचा शब्द कानावर पडत नाही. गच्चीवर रंगाच्या रिकाम्या डब्यांत मी लसूण लावला आणि रोज त्याच्याशी बोलत बसले. निघाला तेव्हा वाटाण्याएवढा. एकेक नुसती गोळी, पाकळ्याच नाहीत. मी रडत फोन केला.

"आत्याबाई, वाया गेलं हो सगळं."

"मेलाय का?"

"नाही, पण..."

"मंग रडती कशाला? मुलूख नवा हाय, बावरलाय त्यो. त्यातल्या त्यात मोठ्या गोळ्या निवड अन् फिरून लाव. तू जेवलीस का?"

मी जेवले नव्हते. ते त्यांना तिकडं पिशोरात बसून कसं कळलं, कोण जाणे. फोन ठेवून मी भाकरी टाकली, आणि दुसऱ्या दिवशी शेजारणीकडून तमिळमधले आकडे शिकायला बसले.

दरसाल निवडत गेले, तसा लसूण इथल्या मातीत अंग धरू लागला. यंदा चांगला मुठीत मावेना. आणि यंदाच पिशोरात काढणीच्या तोंडावर पाणी साचून आत्याबाईंचा लसूण वाफ्यातच सडला. ती चार घरं आता बाजारातून आणून खातात. एवढी उस्तवार कोण करतंय? म्हणजे आत्याबाईंचं बेणं आता जगात उरलं ते माझ्या डब्यांत. फोनवर त्यांनी मागितलं नाही. नुसतं विचारलं, "तुझ्याकडं हाय नव्हं?"

"हाय आत्याबाई. टपोरा हाय."

मग म्हणाल्या, "नीट ऱ्हा." मला म्हणाल्या की लसणाला, ते कळलं नाही.

टपालानं पाठवायचा धीर होत नाही. वाटेत उबला तर? ह्यांना रजा मिळत नाही, आणि एकटीनं दोन गाड्या बदलायची मला अजून धास्ती वाटते. आत्याबाईंची नजर मंदावलीय, म्हणतात. अंगठा मात्र शाबूत आहे. त्या अंगठ्याच्या भरवशावर सांगते, आत्याबाई: एक दिवस मी पिशोरच्या स्टँडवर उतरेन आणि तुम्ही दिलं होतं त्याहून जास्त बेणं तुमच्या ओटीत घालीन. तुम्ही त्यातलं निम्मं बाद केलंत तरी रुसणार नाही. पुन्हा लावीन, पुन्हा घेऊन येईन.