सावनेरकडच्या टेकडीचा पंचनामा

"लिहा, पक्षी आढळले नाहीत," जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून अधिकारी कारकुनाला सांगत होते. माझा संयम तेथेच संपला.

सावनेरकडच्या त्या टेकडीवर मुरूम खणण्याची परवानगी एका कंत्राटदाराने मागितली होती. गावाच्या वतीने हरकत मी घेतली होती. परवानगीपूर्वी स्थळपाहणी होते. अधिकारी जागेवर येतात, दिसेल ते पंचनाम्यात उतरवतात आणि उपस्थितांच्या सह्या घेतात. जागा निर्जीव ठरली की हरकतीत काही उरत नाही आणि टेकडी जाते. म्हणून पाहणी सकाळी, पाखरे हिंडत असताना व्हावी, अशी मागणी मी पत्रावर पत्र लिहून केली होती. साहेब नागपूरहून निघाले, वाटेत तर्रीपोहे आटोपले आणि भर दुपारी उगवले.

"ही वेळ आपण कोणत्या नियमान्वये निवडली?" मी विचारले. कोर्टात कमावलेला आवाज पलीकडच्या उतारापर्यंत गेला असावा.

"आवाज काहून चढवता, वकीलसाहेब? गवत अन् गोटे आहेत इथं. एक पाखरू दाखवा, लिहून देतो."

"अवश्य दाखवतो! कायद्याने आपण..."

माझी बाही ओढली गेली. गावच्या निवृत्त शिक्षिका नंदाताई. हरकतीवर पहिली सही त्यांचीच होती.

"वकीलसाहेब, तुमी असे ओरडून राहिले तं पाखरं येतीन कसे? बसा बरं खाली. साहेब, तुमीबी बसा. अन् ते जीप बंद करा पह्यले."

शिक्षिकेच्या स्वरापुढे आम्ही दोघेही पळसाच्या सावलीत बसलो. आक्षेपाचे मुद्दे ओठांवर येत होते. मी ते गिळत होतो.

ऊन कलले. प्रथम गवतातून नाकतोडे उडू लागले. तरवडाच्या पिवळ्या फुलांवर फुलपाखरे आली. मग वेड्या राघूंची जोडी वाळल्या फांदीवर बसली. हवेतच चतुर टिपायचा आणि जागेवर परतायचे, असा त्यांचा क्रम चालला. साहेबांनी मोबाईल खिशात ठेवला.

तेवढ्यात समोरच्या खांबावरून एक पक्षी नाकतोड्यावर झेपावला. पंख उघडताच निळा रंग लखलखला.

साहेब ताडकन उठले. बूट काढले, डोळे मिटले, हात जोडले. कारकुनानेही जोडले.

"नमस्कार कोणाले केला, साहेब?" नंदाताईंनी विचारले.

"दसरा आला ना, ताई. नीलकंठ दिसला, हात जोडाच लागते."

"मंग तेच लिहा."

साहेब मोकळेपणाने हसले. "खोड रे ते," ते कारकुनाला म्हणाले. नीलकंठ, वेडे राघू, फुलपाखरे, सारे पंचनाम्यात आले. खोडलेल्या ओळीशेजारी साहेबांची छोटी सही मी आग्रहपूर्वक घेतली.

परवानगी नाकारली गेली. कंत्राटदाराने अपील केले आहे आणि माझे उत्तर तयार आहे. नव्या वकिलांना एवढेच सांगेन: स्थळपाहणीत साक्ष जागेची असते. ती चालू असताना वकिलाने मध्ये बोलू नये.