एका पायाचा फोर्क आणि घटांगचा उतार

१. अकोल्याहून जुना फोर्क आणला आणि वैशालीच्या सायकलला बसवला.
२. अमरावतीहून वलगावमार्गे परतवाड्याला गेलो. मुक्काम तिच्या मामांकडे.
३. दुसऱ्या दिवशी सकाळी सेमाडोहला निघालो. निघताना मामांनी तिच्या हँडलला संत्र्यांची पिशवी अडकवली.
४. घटांगच्या पुढच्या उतारावर पिशवी पुढच्या चाकात गेली.
५. वैशालीचं उजव्या खांद्याजवळचं हाड मोडलं.
६. सेमाडोहला पोचलो नाही.

इतकं वाचून पुढे वाचायचं नसेल तर हरकत नाही. रस्ता, जेवण आणि फोर्क यांची माहिती खाली आहे. त्या वाटेने जाणाऱ्यांना ती उपयोगी पडेल.

वैशाली आणि मी कॉलेजपासून बरोबर सायकल चालवतो. आमच्या दोघींच्या घरून मेळघाटात जायची परवानगी एकाच कारणासाठी मिळते: दुसरी बरोबर असते. तिच्या आईला माझा भरवसा, माझ्या बाबांना तिचा. एकीने सायकल सोडली तर दुसरीचीही सुटते. हे आम्ही कधी बोलून दाखवलेलं नाही, पण प्रत्येक सहल यावरच ठरते.

तिच्या सायकलचा आधीचा फोर्क उन्हाळ्यातच निकामी झाला होता. फोर्क म्हणजे पुढचं चाक धरणारा भाग. डोंगरी सायकलला त्यात स्प्रिंग किंवा हवा असते आणि तो खड्ड्यांचा धक्का स्वतः खातो. मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे, त्यामुळे निवड माझ्याकडे आली. नवा साधा फोर्क ऑनलाइन मिळत होता. पण आमच्या भागात दोन त्रास नेहमीचे आहेत. एक काळी माती. ओली झाली की ती चाकाला चिकटते, फोर्कच्या दोन पायांमध्ये आणि वरच्या कमानीत भरते आणि चाक फिरायचं थांबतं. दुसरा बाभळीचा काटा. महिन्यातून एक पंक्चर ठरलेलं.

या दोन्हींवर एक विचित्र वाटणारा उपाय आहे, एका पायाचा फोर्क. चाक फक्त डाव्या बाजूने धरलेलं असतं. उजवी बाजू पूर्ण मोकळी. कमान नाही, त्यामुळे माती अडकायला जागा कमी. पंक्चर काढायला चाक उतरवावं लागत नाही, ट्यूब उजवीकडून तशीच बाहेर येते. तोटा एकच मोठा: चाकाच्या मधला हब खास असतो, तो आपल्याकडच्या कुठल्याही दुकानात मिळत नाही. म्हणून फोर्क आणि चाक जोडीनेच घ्यावं लागतं. अशी एक जोडी अकोल्यात एका दुकानात पडून असल्याचं सायकलवाल्यांच्या ग्रुपवर कळलं.

बडनेऱ्याहून सकाळच्या गाडीने अकोल्याला गेलो. जनरलचं तिकीट फार नाही, गर्दी मात्र मूर्तिजापूरपर्यंत उभं ठेवते. बाहेर धुकं होतं आणि अवकाळी पावसाने भिजलेला कापूस झाडांवर लोंबत होता. बोंडं करडी पडली होती. अकोल्यात उतरल्यावर स्टेशनजवळ गिला वडा, म्हणजे दह्यात भिजवलेला वडा, खाल्ला. दही आंबट होतं. त्या दिवशी चांगली लागलेली तेवढीच गोष्ट.

दुकानदार गोपालभाऊंनी फोर्क वरच्या फळीवरून काढला. पोत्यात गुंडाळलेला होता.

"परदेशातून आला हाय," ते म्हणाले. "इथं आला अन् बसून राहिला. ज्याले दाखवतो तो म्हणते, भाऊ, मोडका माल काहून विकून राहिले?"

वैशाली हसली. मी फोर्कचा पाय आत-बाहेर करून पाहिला, तेल गळत नव्हतं. बेअरिंगमध्ये खुळखुळ नव्हती. फोर्कची नळी सरळ आहे का हे पाहायला सोबत नेलेली पट्टी लावली.

"या ताई डॉक्टर हायेत का?" गोपालभाऊंनी वैशालीला विचारलं.

"त्यापेक्षा बेकार. इंजिनिअर हाय."

"वापरून पाहा. पसंत नाई पडला त वापस आणा. मी कुठी पळून चाललो?"

वैशालीने मला बाजूला घेतलं. "मले साधाच चालते वं. हा एका पायावर उभा पाहून भेव वाटते."

मी तिला सांगितलं की विमानाची चाकंही एकाच दांड्यावर असतात. उदाहरण बरोबर होतं. तिने फोर्क घेतला.

बसवायला माझ्या घरी एक रविवार गेला. वैशालीच्या वजनाप्रमाणे हवा भरली, ती बसल्यावर फोर्क किती दबतो ते मोजलं, दबलेला फोर्क परत वर येण्याचा वेग कमी केला. गल्लीतल्या गतिरोधकावरून तिने चार फेऱ्या मारल्या आणि म्हणाली, "गादीवर बसल्यासारखं वाटून राहिलं." भीती गेली का, हे मी विचारलं नाही.

निघालो तेव्हा ढग होते. वलगावपर्यंत रस्ता चांगला, कडेला जागा आहे, पण ट्रक अंगावरून जातात. आरसा लावा. वलगावच्या पुढे दोन्ही बाजूंनी तूर आणि ओल्या शेतांचा वास. पूर्णा नदीचा पूल ओलांडण्याआधी आसेगावजवळ वैशालीच्या पुढच्या चाकात काटा गेला. चहाच्या टपरीसमोर सायकल आडवी केली आणि मी चाक न उतरवता ट्यूब बाहेर ओढली. टपरीवरचे लोक उठून जवळ आले.

"ताई, याचा दुसरा पाय कोन नेला?" मफलर बांधलेल्या एका काकांनी विचारलं.

"अमरावतीले ठेवला, काका," वैशाली म्हणाली. "लागला त बोलावून घेतो."

"अर्ध्या किमतीत देला असंन मंग."

"नाई न. एक पाय कमी करायचे जास्त घेतले."

टपरीवाला हसता हसता म्हणाला, "आमच्या सरपंचाले दाखवा हा. तोबी एकाच बाजूनं झुकते."

पंक्चर काढून झालं. चहाचे पैसे काकांनी देऊ दिले नाहीत. या रस्त्याने जाणार असाल तर आसेगावला थांबा, आलूबोंडा गरम मिळतो.

परतवाड्याच्या अलीकडे मामांच्या बागेकडे जाणारा कच्चा रस्ता आहे. तिथे काळी माती ओली होती. माझ्या साध्या फोर्कमध्ये ती पन्नास पावलांत भरली आणि चाक थांबलं. काडीने माती काढत मी मागे राहिले. वैशाली चालवत पुढे गेली, बागेच्या फाटकाशी थांबली आणि ओरडली, "चाल नं! काहून फोर्कचे पाय मोजून राहिली?"

मला बरं वाटलं. हे नोंदवून ठेवते, कारण निवड बरोबर होती की नाही असा प्रश्न मला नंतर पुष्कळांनी विचारला. त्या रस्त्यावर ती बरोबर होती.

सुधाकरमामा वैशालीच्या आईचे धाकटे भाऊ. त्यांच्या घरी वांग्याचं भरीत, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर आणि मिरचीचा ठेचा होता. जेवताना मामा म्हणाले की पावसाने संत्री गळून राहिली. मामी म्हणाली, "जेवू द्या पोरींले." त्यानंतर कोणी पावसाचं नाव काढलं नाही. पत्र्यावर मात्र तो रात्रभर वाजत होता.

सकाळी आम्ही निघालो तेव्हा मामा खताच्या पोत्याची शिवलेली पिशवी घेऊन आले. गळण्याआधी तोडलेली संत्री होती.

"मामा, पाठीवर जागा नाई," वैशाली म्हणाली.

"हँडल हाय नं."

"डोंगर चढायचा हाय मामा."

"म्हून काय भाचीले रिकाम्या हातानं धाडू? तुही माय मले दारात उभं नाई करणार. वाटंनं खाजा."

आमच्याकडे हे कोणालाही नवीन नाही. पाहुणी निघाली की हाताला काहीतरी लागतंच आणि सायकलवाल्याचा हात म्हणजे हँडल. मामांनी पिशवी डावीकडे अडकवली. तिथे ती ब्रेकच्या नळीवर टेकली.

"इकडं लावू का?" उजवी बाजू दाखवत वैशालीने मला विचारलं.

मी नळीकडे पाहिलं. "लाव," म्हटलं.

परतवाड्याच्या पुढे घाट सुरू होतो. चढ लांब आहे पण अंगावर येत नाही, मधल्या गिअरवर जमतो. पाणी परतवाड्यातच भरून घ्या. सागाची पानं रस्त्यावर चिकटून बसली होती आणि वळणांवर धुकं. अधूनमधून एसटी आणि प्रवासी जीप, बाकी काही नाही. घटांगला चहा प्यायलो, दोन संत्री खाल्ली. आंबट होती. वैशाली म्हणाली, "मामाले सांगजो गोड होते म्हून." सेमाडोहला दुपारपर्यंत पोचून रबडी खायची आणि तिथेच मुक्काम करायचा, असा बेत होता.

घटांगच्या पुढे उतार लागतो. वैशाली पुढे होती, मी मागे अंतर ठेवून. एका उजव्या वळणावर पिशवी डावीकडे फेकली गेली आणि चाकाकडे झुलली. दोन पायांच्या फोर्कमध्ये अशी पिशवी उजव्या पायावर घासत राहते. इथे घासायला पाय नव्हता. ती सरळ चाकाच्या तारांवर गेली. कापडाची असती तर फाटली असती. पोत्याची होती, ती तारांमध्ये गुंडाळून डाव्या पायापर्यंत गेली आणि चाक थांबलं.

वैशाली हँडलवरून पुढे गेली.

मी पोचले तेव्हा ती बसलेली होती, डाव्या हाताने उजवा हात पोटाशी धरून. मला म्हणाली, "फोर्क पाह्य आधी. वाकला का?"

मी फोर्क पाहिला नाही. तिचा खांदा पाहिला, हाड त्वचेखाली वर आलेलं दिसत होतं. संत्री उतारावर खाली गेली होती. सेमाडोहकडून येणारी एक जीप थांबली. मागच्या बाकावरच्या कोरकू बाईने आपला दुपट्टा सोडून वैशालीचा हात गळ्यात बांधला, मला जमलं नसतं इतका नीट. सायकली टपावर चढवल्या. परतवाड्यापर्यंत प्रत्येक खड्ड्यावर वैशाली डोळे मिटत होती आणि मला खड्डा आधी दिसत होता.

अमरावतीत हाडाला प्लेट बसवली. दवाखान्याच्या पायऱ्यांवर तिची आई मला म्हणाली, "दोघी असता म्हून जाऊ देत होती मी. दोघी असून काय झालं मंग?"

काकूंनी आवाजही चढवला नव्हता.

मामांचा फोन आला. "मी पिशवी देल्ली नसती त पडली नसती का वं पोट्टी?"

"नसती पडली," मी म्हटलं. आणि पुढे जोडलं, "मी 'लाव' म्हटलं नसतं तरी नसती पडली, मामा."

"लय सरळ बोलतं तू," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

घरी फोर्क उघडून तपासला. वाकलेला नाही. सहा तारा तुटल्या होत्या, त्या बदलल्या. फोर्क विकत घेणाऱ्यांसाठी माझं मत असं: काळ्या मातीत आणि काट्यांच्या भागात तो चांगला आहे. त्याच्यासोबत हँडलला काहीही अडकवू नका, कोणीही कितीही आग्रह केला तरी. आपल्या भागात ही अट पाळणं अवघड आहे, हे निवडताना मी धरलं नव्हतं. मी माती धरली, काटे धरले, तिचं वजन धरलं. माणसं धरली नाहीत.

बाबा म्हणाले, "आता एकटीनं जायचं नाही." मी हो म्हटलं. सायकल भिंतीला लावलेली आहे. सकाळी जाग त्याच वेळेला येते, पण उठायचं कारण नसतं. उतारावर वळताना तिच्या हेल्मेटची मागची बाजू दिसायची, ती मात्र डोळ्यांसमोरून जात नाही.

गोपालभाऊंना फोन केला होता. ते म्हणाले, "फोर्क सरळ असंन त वापस घेतो, बोललो ते बोललो. पन रविवारपर्यंत सांगा. नागपूरचा एक जन विचारून राहिला." वैशालीला हे कळवलं. उत्तर आलं नाही. भेटायला गेले तेव्हा तिची आई खोलीतच बसून होती आणि आम्ही औषधांबद्दल बोललो.

ही नोंद टाकण्याआधी वैशालीला पाठवली. तिने "टाक" एवढंच लिहिलं. यापुढचं तिने वाचलेलं नाही.

वैशाली, फोर्क तुझा आहे, म्हणून मी ठरवणार नाही. परत दे म्हणालीस तर मी अकोल्याला जाऊन देऊन येईन आणि पुन्हा विषय काढणार नाही. ठेव म्हणालीस तर तुझा हात बरा होईपर्यंत तो माझ्याकडे राहील, कितीही महिने लागले तरी. पुन्हा दोघींनी जाण्याबद्दल काकूंशी मी स्वतः येऊन बोलेन. दोन्हीपैकी एक, रविवारी संध्याकाळपर्यंत कळव.