ओलं फडकं

बाबा रोह्याला एका केमिकल कंपनीत हायड्रोजनच्या शेडमध्ये होते. तिथे वापरलेली निकेलची भुकटी सुकली की नुसत्या हवेनेही पेट घेई, म्हणून ती गाळायचं फडकं कायम ओलं ठेवावं लागे. एकदा कोणीतरी विसरलं आणि बाबांचा हात भाजला.

तेव्हापासून आमच्या श्रीवर्धनच्या घरीही ते ओट्यावरचं फडकं सुकू देत नसत. त्याला कुबट वास यायचा. आई वैतागायची, मी तर भांडायचेच.

पुढे मीही याच कामात पडले. आमच्या प्रयोगशाळेत आता साध्या अल्कोहोलमधला हायड्रोजन काढून हव्या त्या रेणूला देतो. सिलिंडर नको, दाब नको, पेटणारं निकेल तर नकोच. हे पहिल्यांदा जमलं, तेव्हा बाबा अंथरुणाला खिळले होते. धावत घरी येऊन मी म्हटलं, "बाबा, आता फडकं सुकलं तरी चालतं."

"बरं झालं," ते म्हणाले. "पण तू आपलं ओलं करून ठेव."

बाबा गेले. दिवसकार्याच्या धांदलीत कोणाला सुचलंच नाही. पाहुणे पांगल्यावर मी ओट्यापाशी गेले, तर फडकं कडकडीत वाळलेलं.

त्याला वाससुद्धा येत नव्हता.